किनाऱ्यावर कॅरॅव्हॅन आणण्याआधी मुक्कामाची मैदाने बांधा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत कोकण किनाऱ्यावरील कॅरॅव्हॅन पर्यटनाविषयी आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. तो मनापासून लिहिलेला आहे आणि लेखकाच्या उत्साहात मीही सहभागी आहे. गाडीतला पलंग, ओटा, फ्रिज, न्हाणी आणि शौचालय यांचे वर्णन त्यात बारकाईने आले आहे. परंतु ही गाडी रात्री कोठे उभी राहणार, तिच्यात पिण्याचे पाणी कोठे भरणार आणि शौचालयाखालची टाकी कोठे रिकामी होणार, याबद्दल त्यात एक ओळही नाही. माझी सारी नोकरी मध्य प्रदेशात पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाच्या कामांत गेली. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, भर पावसात, मुलगी-जावयाबरोबर आम्हा उभयतांना अशाच एका भाड्याच्या गाडीतून प्रवास करण्याचा योग आला. तिथे जे पाहिले आणि नोकरीत जे शिकलो, त्यावरून माझे मत असे झाले आहे की कॅरॅव्हॅन पर्यटन गाड्यांच्या संख्येवर उभे राहत नाही. सार्वजनिक, पक्क्या आणि देखरेखीखालच्या मुक्कामाच्या मैदानांवर ते उभे राहते, आणि ती मैदाने आपण अजून बांधायला घेतलेली दिसत नाहीत.

तुलना कशाची कशाशी करतो आहे, हे आधी सांगितले पाहिजे. ऑरेगन राज्याचा समुद्रकिनारा सुमारे ५८० किलोमीटर लांब असून १०१ क्रमांकाचा महामार्ग बहुतेक ठिकाणी त्याच्या कडेकडेने जातो. उत्तरेच्या टोकाला, कोलंबिया नदीच्या मुखाशी, अ‍ॅस्टोरिया नावाचे गाव आहे. तिथे वर्षाला साधारण १,७०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या इंदूरच्या दीडपटीहून अधिक. नदीवरचा लांबलचक पूल ओलांडून वॉशिंग्टन राज्यात आणखी वर गेले की ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातले 'हो' नावाचे वर्षावन लागते. तिथला पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो, म्हणजे तो थेट आपल्या रत्नागिरीच्या पंक्तीत बसणारा आहे. मात्र तो पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही. ऑक्टोबरपासून पुढचा सारा हिवाळा तो झिमझिमत राहतो आणि उन्हाळा बव्हंशी कोरडा जातो. १८०५-०६ च्या हिवाळ्यात लुईस आणि क्लार्क या अमेरिकन शोधप्रवाशांची तुकडी अ‍ॅस्टोरियाजवळ किल्लेवजा लाकडी ठाणे बांधून राहिली होती. त्यांच्या नोंदींप्रमाणे तिथल्या १०६ दिवसांपैकी फक्त १२ दिवस पावसाविना गेले. अशा किनाऱ्यावर आज सत्तरी ओलांडलेली माणसे ऐन पावसात आपापल्या गाड्या घेऊन येतात आणि आठवडा-आठवडा मुक्काम ठोकतात. त्यांची हौस मोठी आहे यात शंका नाही, पण ती हौस निभावून नेणारी तयारी जमिनीवर आधीच केलेली असते.

ती तयारी म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगतो. फोर्ट स्टीव्हन्स, नेहेलम बे, केप लुकआउट, बेव्हर्ली बीच, हनीमन, बुलर्ड्स बीच आणि दक्षिणेला कॅलिफोर्नियाच्या हद्दीजवळ हॅरिस बीच, अशी राज्याच्या उद्यान खात्याची मैदाने किनाऱ्यावर ठरावीक अंतराने आहेत. प्रत्येक मैदानात गाडीसाठी आखलेली जागा डांबराची किंवा घट्ट दाबलेल्या खडीची असते आणि तिला पाणी वाहून जाण्यापुरता हलका उतार दिलेला असतो. जागेच्या कडेला विजेचा खांब आणि पाण्याचा नळ असतो. काही जागांवर सांडपाण्याची नळी थेट जोडण्यासाठी झाकणाचे तोंडही असते. एक भक्कम लाकडी टेबल आणि शेकोटीसाठी लोखंडी कडे, एवढे आणखी. दोन जागांच्या मध्ये स्प्रूसची झाडे आणि स्थानिक झुडपांचे दाट कुंपण राखलेले असते, त्यामुळे शेजार हाकेच्या अंतरावर असूनही अंगावर येत नाही. थोड्या अंतरावर गरम पाण्याची स्नानगृहे आणि स्वच्छतागृहे असतात. यात डोळे दिपवणारे असे काहीच नाही. परंतु रात्रभर पाऊस पडून गेल्यावर सकाळी दार उघडून खाली पाय टाकला, तर तो चिखलात पडत नाही, आणि पावसाळी किनाऱ्यावरच्या मुक्कामात सुखाचा अर्धा भाग एवढ्यातच आहे.

बेव्हर्ली बीचला आम्ही पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि समुद्राकडून पाऊस तिरपा येत होता. जावई गाडी मागे घेऊ लागताच शेजारच्या गाडीतून एक वयस्क गृहस्थ रेनकोट चढवून, हातात बॅटरी घेऊन, कोणी न बोलावता बाहेर आले आणि आरशात दिसतील असे उभे राहून हाताच्या खुणांनी गाडी जागेवर आणू लागले. गाडी थांबल्यावर त्यांनी आत डोकावून जमिनीवर छोटी पाणसळ ठेवायला सांगितली, बुडबुडा एका बाजूला गेलेला पाहिला, आपल्याकडचे दोन पिवळे प्लास्टिकचे ठोकळे आणून पुढच्या डाव्या चाकाखाली सरकवले आणि गाडी बोटभर पुढे घ्यायला लावली. गॅसवर चालणारा फ्रिज गाडी कलती असेल तर नीट थंड करत नाही, आणि टाक्यांतले पाणीही एका कोपऱ्यात साचून मापक चुकीचे दाखवतो, हे त्यांनी आम्हाला त्या पावसात उभे राहून समजावले. निघताना ठोकळे परत द्यायला गेलो, तर पुढच्या मुक्कामीही लागतील, असू द्या, म्हणाले.

सोबतच्या प्रवाशांचा हा अनुभव आम्हाला एकदाच आला असे नाही. पाऊस असला की मैदानातले लोक झाडांना दोऱ्या बांधून मोठी ताडपत्री ताणतात आणि तिच्याखाली दोन-तीन गाड्यांची मंडळी एकत्र बसतात. एका सकाळी माझ्या पत्नीने गाडीतल्या हातभर ओट्यावर कांदे-पोहे केले आणि इंदूरहून नेलेला जीरावण मसाला वर भुरभुरला. फोडणीचा वास त्या ओल्या हवेत इतका पसरला की पलीकडच्या गाडीतले दांपत्य विचारत आले, आणि पहिला घाणा त्यांनाच गेला. संध्याकाळी त्यांनी खाडीत स्वतः पकडलेले डंजनेस जातीचे खेकडे उकडून पाठवले. आम्ही दोघे शाकाहारी, पण मुलगी-जावयाने ते आवडीने खाल्ले. ओलसर हवेत गाडीच्या काचा आतून घामेजतात, म्हणून रात्री छताची झडप बोटभर उघडी ठेवावी आणि भात शिजवताना पंखा लावावा, हेही शेजाऱ्यांनीच सांगितले. त्या मंडळींत घर विकून वर्षभर गाडीतच राहणारे निवृत्त लोक होते, लहान मुले घेऊन आलेली तरुण कुटुंबे होती, सायकलवरून किनारा उतरणारे विद्यार्थी होते, आणि एकट्याने प्रवास करणाऱ्या एक निवृत्त शिक्षिकाही होत्या. एकटीने राहताना भीती वाटत नाही का, असे माझ्या पत्नीने त्यांना विचारले. त्यांनी मैदानाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गाडीकडे बोट दाखवले आणि ती गाडी तिथे आहे तोवर वाटत नाही, असे उत्तर दिले.

ती गाडी कॅम्प होस्टची होती. या व्यवस्थेकडे मला आपल्या शासनाचे विशेष लक्ष वेधायचे आहे. कॅम्प होस्ट म्हणजे बहुधा निवृत्त जोडपे. ते स्वतःची गाडी घेऊन महिना-दोन महिने मैदानात राहते, जागेचे भाडे देत नाही आणि त्या बदल्यात काम करते. नव्याने आलेल्यांना जागा दाखवणे, शेकोटीची कडी साफ करणे, जळण विकणे, भरती-ओहोटीच्या वेळा सांगणे, रात्री दहा ते सकाळी सात शांतता पाळली जाते की नाही ते पाहणे आणि काही बिघडले तर उद्यानाच्या रेंजरला कळवणे, ही त्यांची कामे. जळणाच्या लाकडाबाबतही तिथे फार आग्रह असतो: ते दुरून आणू नये, जिथे जाळायचे तिथेच विकत घ्यावे, कारण लाकडातून झाडांची कीड एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाते. अशा नियमांच्या पाट्या लावून कोणी पाळत नाही, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. तिथे ते पाळले जातात, कारण सांगणारे माणूस तिथेच राहते, स्वतःही तोच मुक्काम करते आणि सौजन्याने सांगते. आपल्याकडे निवृत्त शिक्षक, सैनिक, बँक कर्मचारी यांची प्रकृती ठणठणीत असते आणि हातात वेळही असतो. एक महिना समुद्रकाठी राहून असे काम करायला आनंदाने तयार होतील अशी माणसे माझ्या एकट्याच्या ओळखीत पुष्कळ आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तो सांगायला कोणालाच आवडत नाही, पण माझे आयुष्य त्याच कामात गेले असल्याने मला संकोच वाटत नाही. अशा गाडीत तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, एक न्हाणी आणि ओट्याच्या सांडपाण्याची आणि एक शौचालयाची. आमच्या गाडीतली मैल्याची टाकी साधारण शंभर-सव्वाशे लिटरची होती आणि चार माणसांना ती दोन-तीन दिवस पुरायची. ती रिकामी करण्याचे ठिकाण म्हणजे डम्प स्टेशन. काँक्रीटचा एक ओटा, त्याला चारही बाजूंनी मध्याकडे उतार, मध्ये पायाने उघडता येईल असे झाकण, झाकणाखाली गटाराला किंवा सेप्टिक टँकला जोडलेला पाइप, आणि शेजारी ओटा धुण्यासाठी वेगळा नळ, ज्यावर 'हे पाणी पिऊ नये' अशी ठळक पाटी. पिण्याच्या पाण्याचा नळ त्याच्यापासून मुद्दाम लांब ठेवलेला असतो. जावई हातमोजे घालून जाड नळी जोडत असे. आधी मैल्याची झडप उघडायची, टाकी पूर्ण रिकामी झाली की ती बंद करायची आणि मगच सांडपाण्याची झडप उघडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. नळी कायम जोडलेली असली तरी मैल्याची झडप मधल्या काळात उघडी ठेवायची नसते. ती उघडी राहिली तर पातळ भाग वाहून जातो, घट्ट भाग टाकीत थिजून बसतो आणि मग तो निघता निघत नाही. नंतर ओटा धुवायचा, झाकण लावायचे, हात धुवायचे. सगळे काम पंधरा मिनिटांत उरकते, वास नाममात्र येतो, आणि मागच्या गाडीतले लोक शांतपणे आपली पाळी येण्याची वाट पाहतात.

हे डम्प स्टेशन नसेल तर काय होईल, हे सांगायला अभियंता लागत नाही. टाकी भरली की ती कोठेतरी रिकामी होणारच. चालक सज्जन असला तर एखाद्या हॉटेलच्या मागच्या चेंबरमध्ये, आणि घाईत असला तर घाटातल्या वळणावर, ओढ्यात किंवा खाडीच्या काठी. यात चालकाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण आपण त्याला दुसरी जागाच दिलेली नाही. आपल्या इंदूरने कान्ह आणि सरस्वती या नद्यांत मिसळणारे सांडपाणी अडवण्यासाठी नाल्यांचे तोंड बंद करण्याचे काम घेतले, त्यावर किती कष्ट आणि पैसा लागला, हे या शहरातला प्रत्येक जण जाणतो. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत पहिला क्रमांक टिकवणाऱ्या आणि २०२१ मध्ये देशातले पहिले 'वॉटर प्लस' (म्हणजे सांडपाणी प्रक्रियेशिवाय नदी-नाल्यांत न सोडणारे) शहर ठरलेल्या गावच्या माणसाला म्हणून हा प्रश्न सर्वात आधी सुचतो. आधी घाण होऊ द्यायची आणि मग ती निस्तरायची, यापेक्षा आधीच शंभर मीटर पाइप टाकणे पुष्कळ स्वस्त पडते.

कोकणात तर या बाबतीत दुप्पट सावध राहिले पाहिजे. तिथली जमीन बहुतेक ठिकाणी जांभ्याची आहे. जांभा सच्छिद्र असतो, पाणी झटकन खाली जाऊ देतो, आणि त्याच जांभ्यातल्या विहिरींवर वाड्या-वस्त्या पाणी पितात. गाड्यांचा मैला शोषखड्ड्यात सोडला तर तो शेजारच्या विहिरीत उतरायला वेळ लागणार नाही, आणि पावसाळ्यात भूजल वर आलेले असताना तर मुळीच नाही. म्हणून मैदानातला मैला बंद टाकीत साठवून टँकरने प्रक्रिया केंद्रावर नेला पाहिजे, किंवा जागेवरच छोटे प्रक्रिया संयंत्र बसवले पाहिजे. हे काम अवघड नाही. वीस गाड्यांचे मैदान पूर्ण भरलेले असले आणि प्रत्येक गाडी तिसऱ्या दिवशी दोन्ही टाक्या मिळून दोनशे लिटर रिकामे करील असे धरले, तरी रोजचा हिशेब दीड घनमीटरच्या आतच राहतो. स्नानगृहांचे पाणी त्यात मिळवले तरी एखाद्या मध्यम वसतिगृहापेक्षा हे ओझे जास्त होत नाही. मात्र गाड्यांतला मैला घट्ट असतो आणि दुर्गंधी मारण्यासाठी काही जण त्यात जहाल रसायने ओततात. त्यामुळे सेप्टिक टँकमधले उपयोगी जिवाणूच मरतात. ती रसायने बंद करून जैविक द्रावणेच वापरण्याची अट गाडी भाड्याने देणाऱ्यांवर पहिल्या दिवसापासून घातली पाहिजे. मैला आणि गाळ व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण २०१७ पासून आहे. कॅरॅव्हॅनच्या टाक्या त्याच्या कक्षेत आणणे ही एका परिपत्रकाची बाब आहे.

विजेचे काम याहूनही सोपे आहे. अमेरिकेत सामान्य गाडीला १२० व्होल्टची ३० अँपिअरची जोडणी मिळते, म्हणजे ३,६०० वॅट. आपल्याकडे २३० व्होल्टवर १६ अँपिअरची साधी औद्योगिक जोडणी तेवढीच शक्ती देते. हवे ते फक्त पावसापासून सुरक्षित झाकणाचे सॉकेट, खणखणीत अर्थिंग आणि प्रत्येक खांबावर गळतीचा प्रवाह तोडणारा स्वतंत्र ब्रेकर. ओल्या गवतात अनवाणी उभ्या असलेल्या मुलाचा जीव त्या ब्रेकरवर अवलंबून असतो, म्हणून त्यात काटकसर नको.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. ऑरेगनच्या मतदारांनी १९९८ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून लॉटरीच्या निव्वळ उत्पन्नातला १५ टक्के वाटा उद्याने आणि नैसर्गिक संपत्तीसाठी राखून ठेवला. २०१० मध्ये पुन्हा मतदान घेऊन त्यांनी तो कायम केला. शिवाय अशा गाड्यांच्या नोंदणी शुल्कातून येणारा पैसा राज्याच्या आणि जिल्ह्यांच्या उद्यानांकडे जातो. ज्याने गाडी घेतली त्याच्याच पैशातून त्याच्या मुक्कामाची जागा बांधली जाते, हे मला फार पटले. महाराष्ट्रात कॅरॅव्हॅनची नोंदणी आज थोडी आहे, पण आतापासूनच त्या शुल्काचा ठरावीक भाग मैदानांसाठी वेगळ्या खात्यात टाकण्याची पद्धत लावली, तर पुढे त्याचा मोठा आधार होईल. त्याच ऑरेगनने १९१३ मध्ये गव्हर्नर ओस्वाल्ड वेस्ट यांच्या काळात भरतीरेषेपर्यंतचा ओला किनारा सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर केला आणि १९६७ मध्ये गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी सही केलेल्या कायद्याने वरच्या कोरड्या वाळूवरही लोकांचा हक्क मान्य केला. त्यामुळे तिथे समुद्राच्या तोंडावर हॉटेलाची भिंत घालून कोणी किनारा अडवू शकत नाही. आपल्याकडेही किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध घालणारे सागरी नियमन क्षेत्राचे नियम आहेत; मैदाने त्या पट्ट्याच्या जमिनीकडच्या बाजूला, माडाच्या बागांच्या मागे आणि गावठाणाला धरून असावीत. वाळूवर गाडी नेण्याची परवानगी कोणालाही, कोणत्याही किमतीला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी केरळनेही 'केरावॅन' या नावाने आपली योजना आणली. दोन्हींत गाडीबरोबर पार्कचाही विचार आहे, याबद्दल त्या शासनांचे अभिनंदन केले पाहिजे. परंतु खासगी मालकाने रिसॉर्टच्या आवारात चार गाड्यांना जागा दिली, तर तो रिसॉर्टचा विस्तार झाला. रिसॉर्टचे दर न परवडणाऱ्या प्रवाशाला त्याचा काही उपयोग नाही. ऑरेगनच्या मैदानात लाखो डॉलर्सची बस आणि सायकलवाल्याचा दीड माणसाचा तंबू एकाच नळावर पाणी भरतात, आणि सायकलवाल्यांसाठी कमी दराचा वेगळा कोपरा राखलेला असतो. आपल्याकडे तर याची गरज कितीतरी अधिक आहे. टेंपो ट्रॅव्हलर करून, सोबत स्टोव्ह, पातेली आणि शिधा घेऊन निघालेली कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ती रस्त्याच्या कडेला एखाद्या झाडाखाली स्वयंपाक करतात आणि त्यांतल्या बायकांना शौचालयासाठी पेट्रोल पंप शोधत मैलोन्मैल थांबून राहावे लागते. कॅरॅव्हॅनचे मैदान या कुटुंबांसाठीही खुले असले पाहिजे. तसे झाले तर वर्षभर गाड्या कमी आल्या तरी मैदान ओस पडणार नाही आणि त्याचा खर्च निघेल.

सुरुवात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वतःच्या जागांवर करावी, असे मी सुचवतो. हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे आणि तारकर्ली इथे महामंडळाची निवासस्थाने आहेत. तिथे पाणी, वीज आणि कर्मचारी आधीच आहेत. चार ठिकाणी प्रत्येकी दहा-पंधरा पक्क्या जागा आणि एक-एक डम्प स्टेशन एवढे झाले, तरी किनाऱ्यावर उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत मुक्कामाची एक साखळी तयार होईल. त्यासाठी अवाढव्य गाड्या आणू नयेत, हेही इथेच सांगतो. किनाऱ्यालगतच्या रस्त्यांची वळणे, गावांतल्या बोळांची रुंदी आणि दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ इथल्या फेरीबोटींवर चढण्याचा उतार पाहता, टेंपो ट्रॅव्हलरएवढी गाडीच तिथे शोभते आणि चालते.

पावसाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. कोकणचे पर्यटन दिवाळी ते मे असेच धरले जाते. माझ्या मते सप्टेंबर आणि ऑक्टोबरची सुरुवात हा कॅरॅव्हॅनचा खरा हंगाम होऊ शकतो: पावसाचा जोर ओसरलेला, कातळसडे (खडकाळ पठारे) फुलांनी आणि गवताने भरलेले, ओढे वाहते, आणि मुक्कामाला छप्पर आपल्याबरोबरच असलेले. जून-जुलैत मात्र किनाऱ्यालगतची मैदाने बंदच ठेवावीत. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत माड-पोफळींची काय दशा केली, ते तिथल्या बागायतदारांना विचारावे. मैदानातल्या धोकादायक झाडांची दरवर्षी पावसाआधी तपासणी झाली पाहिजे आणि वादळाचा इशारा आल्यास गाड्या कोणत्या रस्त्याने कोठे हलवायच्या, याची पाटी प्रत्येक जागेवर असली पाहिजे. ऑरेगनमध्ये त्सुनामी आली तर कोणत्या दिशेने उंचावर पळायचे, याच्या निळ्या-पांढऱ्या पाट्या किनाऱ्यावर जागोजागी आहेत. तिथला मोठा भूकंप २६ जानेवारी १७०० रोजी झाला होता, आणि तीनशेहून अधिक वर्षांनंतरही त्या पाट्यांवरचा रंग ताजा ठेवला जातो.

इंदूरच्या वाचकांना कोकणाचा हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांची कुलदैवते गुहागर, वेळणेश्वर, हरिहरेश्वर अशा ठिकाणी आहेत. घरातले वृद्ध आई-वडील घेऊन इतक्या लांबचा प्रवास करायचा, तर वाटेत स्वच्छ शौचालय आणि पाठ टेकण्याची सोय हीच मुख्य अडचण असते, आणि ती अशा गाडीने सुटू शकते. शिवाय प्रवाशाच्या मुक्कामाची जबाबदारी शासनाने घ्यावी, ही अपेक्षा या शहराला नवी नाही. अहिल्याबाईंनी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या त्या स्वतःच्या राज्याच्या सीमेबाहेरही. मध्य प्रदेश शासनाने महेश्वर, मांडू आणि ओंकारेश्वर इथेही अशी मैदाने बांधली, तर इंदूरहून निघालेली गाडी पहिल्या दिवसापासूनच आधाराने जाईल. नर्मदाकाठी तर डम्प स्टेशनची निकड कोकणाइतकीच आहे.

आपणास एक विनंती आहे. आपल्या रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या वार्ताहरांनी कॅरॅव्हॅन पार्क म्हणून जाहीर झालेल्या प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष जावे आणि तीनच प्रश्नांची उत्तरे छापावीत: गाडीची टाकी रिकामी करण्याची जागा आहे का, तिथून मैला कोठे जातो, आणि रात्री त्या मैदानात जबाबदार माणूस कोण राहते. दिवाळीच्या सुटीतल्या प्रवासाचे बेत लोक आताच आखत आहेत. ही माहिती त्याआधी आली तर वाचकांना ठिकाण निवडता येईल आणि संबंधित खात्यांना काय बांधायचे राहिले आहे तेही कळेल. मैदानाचा साधा आराखडा, टाक्यांची मापे आणि उतारांचा हिशेब मी कागदावर तयार केला आहे. महामंडळाला किंवा एखाद्या ग्रामपंचायतीला तो हवा असल्यास आपल्या कार्यालयामार्फत विनामूल्य पाठवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त मलनिस्सारण अभियंता
सुदामानगर, इंदूर